शेरास सव्वाशेर, पण कुठवर? न्यूट, गार्टर साप आणि दोन ब्रोडी

साधारण चार मीटर लांबीचा सरळ, अरुंद मार्ग. कडेने ठरावीक अंतरावर इन्फ्रारेड सेन्सर लावलेले. एका टोकाला साप सोडायचा, शेपटीला हलकेच डिवचत पुढे पिटाळायचा आणि वेग टिपायचा. मग त्याच सापाला टेट्रोडोटॉक्सिन नावाच्या विषाची मोजून मात्रा टोचायची, अर्धा तास थांबायचं आणि पुन्हा पळवायचं. विष जितकं चढलं असेल तितका साप मंदावतो. मात्रा वाढवत गेलं की एक टप्पा असा येतो, जिथे तो स्वतःच्या मूळ वेगाच्या निम्म्यानेच सरपटतो. ती मात्रा म्हणजे त्या सापाची विष पचवण्याची ताकद.

विषप्रतिकाराच्या संशोधनात इतकी साधी आणि इतकी हुशार मोजपट्टी मला दुसरी माहीत नाही. जुनी रीत अशी, की बऱ्याच प्राण्यांना विष द्यायचं आणि कोणत्या मात्रेला निम्मे मरतात ते पाहायचं. त्यातून कळते ती सगळ्या गटाची सरासरी. मेलेल्या प्राण्याला पुढचं काही विचारता येत नाही. इथे साप जिवंत राहतो आणि मिळालेला आकडा त्या एकट्या सापाचा असतो. मग त्याच्या पिल्लांचाही घेता येतो, शेजारच्या तळ्यावरच्या सापाचाही आणि डोंगरापलीकडच्याचाही. उत्क्रांतीचा हिशेब मांडायचा तर हेच लागतं. गुण एकेका जिवात मोजता यायला हवा आणि तो पुढच्या पिढीत उतरतो हे दाखवता यायला हवं.

या पद्धतीचा निबंध 1990 साली 'एव्होल्यूशन' या नियतकालिकात आला. लेखक दोन, एडमंड ब्रोडी आणि एडमंड ब्रोडी. बाप-लेक, नाव एकच. वडील पुढे युटा स्टेट विद्यापीठात जीवशास्त्राचे प्राध्यापक झाले, मुलगा व्हर्जिनिया विद्यापीठात. पेशव्यांमुळे आपल्याला थोरले आणि धाकटे म्हणायची सवय आहे, तीच इथे कामी आणतो.

किटलीतला न्यूट

गोष्ट सुरू होते 1960च्या दशकाच्या आरंभी, ओरेगनमधल्या मनमथ या छोट्या कॉलेजगावात. थोरले ब्रोडी तेव्हा विद्यार्थी होते. केन वॉकर नावाचे त्यांचे जीवशास्त्राचे प्राध्यापक एक ऐकीव किस्सा सांगत. ओरेगनच्या किनारी डोंगरात तीन शिकारी आपल्या मुक्कामावर मेलेले सापडले. अंगावर जखम नाही, झटापटीची खूण नाही. फक्त कॉफीच्या किटलीत न्यूट नावाचा एक छोटा प्राणी उकडून निघालेला. अंधारात ओढ्याचं पाणी भरताना तो आत गेला असावा. हे खरं असेल का, ते तूच शोध, असं सांगून वॉकरनी पोराला कामाला लावलं.

किस्सा खरा की खोटा याचा कागदोपत्री पुरावा नाही आणि मी तो खरा म्हणून कधी सांगत नाही. मात्र 1979 साली ओरेगनमध्येच एका 29 वर्षांच्या माणसाने दारूच्या नशेत, पैजेखातर न्यूट गिळला आणि तो दगावला. ही घटना वैद्यकीय नियतकालिकात नोंदवलेली आहे. आधी ओठांना मुंग्या आल्या, मग बधिरपणा, मग अशक्तपणा, आणि इस्पितळात न्यायला त्याने नकार दिला. म्हणजे किटलीची गोष्ट रचलेली असली तरी रचणाऱ्याला न्यूट ठाऊक होता.

न्यूट म्हणजे शेपटीवाला उभयचर. लांबून पाहिला तर पाल वाटेल, पण अंगावर खवले नाहीत आणि बेडकासारखा पाण्यात अंडी घालतो. महाराष्ट्रात हे प्राणी नाहीत. भारतात याचा एक नातेवाईक दार्जिलिंगच्या डोंगरात भेटतो. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा हा न्यूट वरून चिखलाच्या रंगाचा, खरखरीत कातडीचा आणि पोटाला भडक नारिंगी. त्याला डिवचलं तर तो पळत नाही. मान आणि शेपूट वर उचलून अंगाची कमान करतो, डोळे मिटून घेतो आणि नारिंगी पोट दाखवत तसाच थिजून राहतो. अंगात दम असल्याशिवाय कोणी एवढं निवांत बसत नाही.

ब्रोडींनी न्यूटची कातडी खलात कुटली, पाण्यात कालवली आणि उंदरांना टोचली. उंदीर काही मिनिटांत मेले. मग पक्षी, मासे, इतर सस्तन प्राणी, जे जे न्यूट खाऊ शकेल असं वाटलं त्या सगळ्यांवर प्रयोग झाले. मरणाऱ्यांची यादी लांबत गेली. नंतरच्या हिशेबाप्रमाणे एका प्रौढ न्यूटच्या कातडीत सुमारे 25,000 उंदरांना पुरेल इतकं विष असतं. आणि एके दिवशी, न्यूट पकडायला लावलेल्या खड्ड्यात डोकावल्यावर दिसलं की एक साप आरामात न्यूट गिळतो आहे.

तो होता गार्टर साप. तो दिसतो कसा हे सांगायला मी वर्गात नानेटीचा फोटो दाखवतो. बारीक चण, लांबीने गेलेले फिकट पट्टे, बिनविषारी, बेडकांवर ताव मारणारी. साम्य नुसतं दिसण्यातलं नाही, आपली नानेटी, आपली दिवड आणि तिकडचा गार्टर साप एकाच उपकुळातले आहेत. फरक एवढाच की नानेटी अंडी घालते आणि गार्टर साप जिवंत पिल्लं देतो. संशोधकांना हे फार सोयीचं पडलं. गाभण मादी आणली की एकाच आईची डझनभर पिल्लं प्रयोगशाळेतच जन्मतात, आयुष्यात कधी न्यूट न पाहिलेली.

त्या 1990च्या निबंधाची खरी कमाई याच पिल्लांतून आली. एका आईची पिल्लं दुसरीच्या पिल्लांपेक्षा विषाला ठरावीकपणे जास्त किंवा कमी दाद देत होती. म्हणजे गुण आनुवंशिक. विषकन्येच्या गोष्टीसारखं रोज थोडं थोडं विष चाटून ही ताकद येत असेल, ही शंका कोणालाही येईल. तीही 1999 साली फेडली गेली. सापांना पुन्हा पुन्हा विष टोचलं, तरी त्यांचा आकडा हलला नाही. सरावाने काही होत नाही. जे आहे ते जन्मजात.

बूच आणि बाटली

हे विष न्यूटची मक्तेदारी नाही. 1909 साली जपानमध्ये योशिझुमी ताहारा यांनी फुगू माशातून काढलेल्या विषाला टेट्रोडोटॉक्सिन असं नाव दिलं. कोकणात मच्छीमारांची जाळी कुरतडणारा केंड मासा फुगूच्याच कुळातला. 1964 साली स्टॅनफर्डच्या हॅरी मोशर यांच्या गटाने दाखवलं की कॅलिफोर्नियातल्या न्यूटच्या अंड्यांमधलं विष आणि जपानी माशाचं विष हा एकच रेणू आहे. त्याच वर्षी तोशिओ नाराहाशी आणि सहकाऱ्यांनी हा रेणू करतो काय तेही पकडलं.

चेतापेशीच्या किंवा स्नायूच्या पेशीच्या भिंतीत सोडियम चॅनेल नावाची प्रथिनं रोवलेली असतात. चॅनेलची चार सारखी अंगं वर्तुळात उभी राहतात आणि मधोमध एक छिद्र राहतं. इशारा आला की छिद्र उघडतं, सोडियमचे आयन आत धावतात, पेशीतून विजेची लहर पुढे जाते. बोट हलणं असो की श्वास घेणं, सुरुवात इथूनच. टेट्रोडोटॉक्सिन बाहेरच्या बाजूने त्या छिद्राच्या तोंडावर बसतं, बाटलीला बूच बसावं तसं. सोडियम आत जात नाही, लहर उठत नाही, छातीचे स्नायू थांबतात. माणूस शुद्धीवर असतानाच श्वास बंद पडू शकतो.

मग साप कसा वाचतो? 2002 साली शाना गेफनी, पीटर रूबेन आणि दोन्ही ब्रोडी यांनी 'सायन्स'मध्ये दाखवलं की प्रतिकार सापाच्या स्नायूंतल्या सोडियम चॅनेलमध्येच आहे. 2005 साली 'नेचर'मध्ये त्यांनी चॅनेल उलगडून ठेवलं. हे प्रथिन सुमारे 1,800 अमिनो आम्लांच्या साखळीचं. बदल दिसले ते चौथ्या अंगात, नेमके छिद्राच्या तोंडाशी, जिथे बूच टेकतं तिथे.

चार ठिकाणचे साप घेतले होते. आयडाहोच्या बेअर लेकजवळ न्यूट नाहीत, तिथल्या सापांत बदल नाही आणि ताकदही नाही. ओरेगनच्या वॉरेंटनच्या सापांत एक अमिनो आम्ल बदललेलं, ताकद थोडी. ओरेगनच्याच बेंटन काउंटीत दोन बदललेली, ताकद जास्त. आणि कॅलिफोर्नियाच्या विलो क्रीकमध्ये चार. (हे गाव अमेरिकेत बिगफूट नावाच्या दंतकथेतल्या केसाळ राक्षसासाठी प्रसिद्ध आहे. खरा चमत्कार तिथल्या ओढ्यात सरपटतो, पण त्याचे टी-शर्ट निघत नाहीत.) विलो क्रीकच्या चारांपैकी एक बदल फार बोलका आहे. 1568व्या जागी ऋण भार असलेलं अमिनो आम्ल जाऊन तिथे भार नसलेलं आलं. टेट्रोडोटॉक्सिनचा रेणू धन भाराचा; त्याला धरून ठेवणारा हातच काढून घेतला.

हे मी फळ्यावर काढतो तेव्हा वर्गात शांतता पसरते. शर्यतीच्या मार्गावरचा वेग, चॅनेलमधून जाणारा विद्युत्प्रवाह आणि साखळीतली एक जागा, या तिन्ही पातळ्यांवर आकडे एकाच दिशेने चढतात. उत्क्रांतीच्या अभ्यासात असं एकसलग उदाहरण क्वचितच हाती लागतं. पुढे ख्रिस फेल्डमन आणि सहकाऱ्यांनी 2009 साली आणखी भर घातली. गार्टर सापांच्या इतर दोन जातींनीही न्यूट पचवायची विद्या स्वतंत्रपणे कमावली आहे, आणि त्यांच्याही चॅनेलमधले बदल छिद्राच्या तोंडाशीच आहेत.

एक अडचण हुशार पोरं लगेच काढतात. स्नायू वाचले, पण चेतांचं काय? त्यांची सोडियम चॅनेल वेगळ्या जनुकांतून बनतात. जोएल मॅक्ग्लोथ्लिन यांच्या गटाने 2016 साली याचं उत्तर दिलं. मेंदू आणि मज्जारज्जूबाहेरच्या चेतांमधली चॅनेल या सापांच्या पूर्वजांत कोट्यवधी वर्षांपूर्वीच विषाला जुमानेनाशी झाली होती. घराची मागची भिंत आजोबा-पणजोबांनी आधीच बांधून ठेवली होती, नातवंडांनी फक्त पुढचं दार बदललं. ज्या घराण्यात ती भिंत नव्हती, तिथे दार बदलून उपयोग नव्हता.

फुकट काहीच नाही

1999 साली ब्रोडींनी जुन्याच आकड्यांकडे उलटं पाहिलं. विष टोचण्याआधीचा वेग घ्या, नुसता. ज्या सापांची ताकद जास्त, ते विषाशिवायही हळू पळत होते. मायकेल हेग आणि सहकाऱ्यांनी 2018 साली हेच जनुकाच्या पातळीवर बांधून दाखवलं. मोठा बदल असलेली सापांची वस्ती विष पचवण्यात पुढे, सरपटण्यात मागे. कारणही उघड आहे. छिद्राचं तोंड लाखो वर्षं घासूनपुसून सोडियमसाठी बेतलेलं. त्यात विषासाठी फेरफार केला की सोडियमचीही वाट थोडी बिघडते. गार्टर सापाला फणा नाही, जहाल दात नाहीत. पळणं हाच त्याचा मुख्य बचाव. तोच त्याने गहाण टाकला आहे.

शिवाय न्यूट गिळला म्हणजे लगेच पचला असंही नाही. ताकदवान सापही न्यूट खाल्ल्यावर काही तास सुस्त, नीट हलता न येणारे असे पडून राहू शकतात, तेही उघड्यावर, डोक्यावर ससाणे घिरट्या घालत असताना. बेक्की विल्यम्स आणि ब्रोडींच्या 2004 सालच्या कामात असं निघालं की खाल्लेलं विष सापाच्या यकृतात आठवडेच्या आठवडे टिकतं, सापाला खाणारा पक्षी लुळा पडेल किंवा मरेल इतक्या प्रमाणात. चावून विष न सोडणारा, पण खाल्ला तर विष बाधणारा साप. मराठीत नागही 'विषारी' आणि केंड मासाही 'विषारी', त्यामुळे हा भेद सांगताना माझी दर वर्षी तारांबळ उडते. शेवटी सांगतो, नाग वाढतो ते विष, केंड शिजतो ते विष. गार्टर साप बसला दुसऱ्या पंगतीत.

कोण कोणाच्या मागे?

इथवरची गोष्ट ऐकून पोरं खूश असतात. न्यूट विष वाढवतो, साप प्रतिकार वाढवतो, शेरास सव्वाशेर, चढाओढ चालूच. पाठ्यपुस्तकंही बहुधा इथेच थांबतात. माझ्या मते हे प्रकरण शिकण्यासारखं होतं ते इथून पुढे.

चढाओढ म्हणायची तर बदल दोन्हीकडून हवा. न्यूटमुळे साप बदलला, हे पक्कं झालं. सापामुळे न्यूट बदलला का? पहिली अडचण तर्काची. साप न्यूट खाऊन मेला, तरी न्यूटही मेलाच. मेलेल्याचं जहाल विष पुढच्या पिढीत कसं जाणार? या जागी 2003 सालचा विल्यम्स यांचा प्रयोग मला फार आवडतो. साप न्यूटला तोंडात धरतो आणि तसाच धरून ठेवतो, बराच वेळ. विष त्याच्या अंगात हळूहळू उतरत असतं आणि साप जणू स्वतःलाच विचारत असतो, झेपेल का? झेपण्याजोगं असेल तर गिळतो. नसेल तर जबडा सैल सोडतो. न्यूट लाळेने माखलेला बाहेर पडतो, थोडा वेळ तसाच पडून राहतो आणि चालू लागतो. सोडलेले न्यूट जगले. म्हणजे जास्त विषारी न्यूट सापाच्या तोंडात जाऊनही परत येऊ शकतो. तर्काची अडचण सुटली.

पण नकाशा पाहिला की गोष्ट पुन्हा अडते. 2002 सालच्या ब्रोडींच्या नकाशात किनाऱ्यावर मोजके तापलेले पट्टे, म्हणजे सापांची ताकद खूप जास्त असलेल्या जागा दिसल्या, बेंटनच्या आसपास आणि उत्तर कॅलिफोर्नियात. मधल्या मोठ्या भागात सगळं थंड. कॅनडाच्या व्हँकुव्हर बेटावर तर बहुतेक न्यूटमध्ये विष जवळपास नाहीच, आणि सापांतही ताकद नाही. 2008 साली चार्ल्स हॅनिफिन आणि ब्रोडींनी न्यूटचं विष आणि सापाची ताकद ठिकाणवार शेजारी शेजारी मांडली. सुमारे एक तृतीयांश ठिकाणी जोडी जुळत नव्हती, आणि जिथे जुळत नव्हती तिथे दर वेळी साप पुढे. असे साप, की तिथला सर्वांत जहाल न्यूटही त्यांचं काही वाकडं करू शकत नाही. न्यूट सापाच्या पुढे निघून गेलेलं ठिकाण एकही नव्हतं.

"सर, म्हणजे साप जिंकला?" हा प्रश्न ठरलेला. निदान त्या ठिकाणी, हो. सापाच्या चॅनेलमध्ये एक-दोन जागा बदलल्या की ताकद एकदम कित्येक पटीने उडी मारते. न्यूटला मात्र विष पायरी-पायरीने वाढवावं लागतं. एकाकडे लिफ्ट, दुसऱ्याकडे जिना.

2020 साली हेग, अँबर स्टोक्स, फेल्डमन आणि दोन्ही ब्रोडी यांनी आणखी एक खडा टाकला. त्यांनी दोन्ही प्राण्यांच्या वस्त्यांचा वंशवृक्ष नकाशावर घातला. सापाची ताकद कुठे जास्त हे न्यूटच्या विषावरून चांगलं सांगता आलं. न्यूटचं विष कुठे जास्त हे सापावरून तितकं सांगता आलं नाही. ते न्यूटच्या वस्त्या एकमेकींशी किती जोडलेल्या किंवा तुटलेल्या आहेत, यावरून जास्त नीट कळत होतं. म्हणजे साप न्यूटच्या मागे धावतो आहे हे स्पष्ट, पण न्यूट सापाकडे वळून पाहतो आहे का, ते तेवढं स्पष्ट नाही. आपल्याच लाडक्या गोष्टीवर अशी शंका घेणारा निबंध स्वतःच लिहायला धीर लागतो. दोन्ही ब्रोडींबद्दलचा माझा आदर त्या निबंधाने वाढला.

आणि न्यूटला विष मिळतं तरी कुठून? न्यूटच्या स्वतःच्या चॅनेलमध्ये विषाला न जुमानणारे बदल आहेत, म्हणून तो स्वतः मरत नाही, एवढं कळलं आहे. पण विष बनवणारं जनुक न्यूटमध्ये आजवर कोणी दाखवलेलं नाही. 2020 साली पॅट्रिक व्हेली, हेदर आइस्थेन आणि सहकाऱ्यांनी न्यूटच्या कातडीवरचे जिवाणू प्रयोगशाळेत वाढवले, तर त्यातले काही टेट्रोडोटॉक्सिन बनवताना सापडले. हे जर न्यूटच्या विषाचं खरं उगमस्थान असेल, तर सापाशी चढाओढ न्यूट करतो आहे की त्याच्या अंगावरचे भाडेकरू, हा हिशेब नव्याने मांडावा लागेल. पण हॅनिफिन आणि ब्रोडींनीच 2002 साली वर्षभर प्रयोगशाळेत सांभाळलेल्या न्यूटचं विष मोजलं होतं. ओढा नाही, चिखल नाही, रानातलं खाणं नाही. विष कमी व्हायला हवं होतं. ते वाढलं होतं.